मदत हवी आहे : बॉयलरच्या फिल्टरमधून काळं पाणी गळतंय आणि प्रेशर रोज उतरतंय (युके)

रेडिंगकर (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी, इथे युकेमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतेय, प्लीज कोणाला माहीत असेल तर सांगा.

आमचं रेडिंगला १९९०च्या सुमाराचं घर आहे, नऊ रेडिएटर, किचनच्या कपाटात कॉम्बी बॉयलर (हीटिंग आणि नळाचं गरम पाणी दोन्ही एकातूनच). तीन आठवड्यांपूर्वी अ‍ॅन्युअल सर्व्हिसिंग झालं, आलेल्या माणसाने बॉयलरखालचा मॅग्नेटिक फिल्टर (पाण्यातला लोखंडाचा गाळ चुंबकाने पकडतो तो) पण उघडून साफ केला, काळा गाळ दाखवला, सगळं व्यवस्थित वाटलं. त्यानंतर चार-पाच दिवसांनी कपाटात खाली ठेवलेल्या पांढऱ्या टॉवेलवर एक काळसर डाग दिसला, मला वाटलं सर्व्हिसिंगच्या वेळचाच असेल. मग बॉयलर एफ१ एरर दाखवून बंदच पडला आणि प्रेशरचा काटा बघितला तर ०.४ बार. फिलिंग लूपने (नळाचं पाणी सिस्टिममध्ये भरायची नळी) पाणी भरून १.३ केलं, चालू झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत ०.४. आता गेले आठ दिवस रोज सकाळी उठून पहिलं काम हेच, पाणी भरायचं.

काल टॉर्च घेऊन नीट बघितलं तर फिल्टरचं वरचं झाकण जिथे स्क्रू होतं तिथून पाणी झिरपतंय, थेंब फिल्टरच्या अंगावरून खाली येतो आणि बुडाला लोंबकळतो, साधारण मिनिटाला एक-दोन. त्याला लोखंडाचा वास येतो. सर्व्हिसिंगवाल्यांना फोन केला तर म्हणाले नऊ दिवसांनी येऊ. बाहेर उणे दोन आहे, घरात आठ महिन्यांचं बाळ आहे आणि सासूबाई पहिल्यांदाच इथल्या थंडीत आल्यायत, नवरा कामासाठी बाहेरगावी. झाकण मी स्वतः घट्ट केलं तर चालेल का? आणि हे रोज पाणी भरणं कितपत बरोबर आहे?

लेस्टरवाला

ताई आधी एक, झाकण प्रेशर असताना पिळू नका. प्लॅस्टिकचे आटे असतात, जोर लावून तडा गेला तर सगळ्या सिस्टिमचं पाणी किचनमध्ये येईल. बहुतेक वेळा झाकण सैल नसतंच, आतली रबरी ओ रिंग चिमटलेली किंवा वाळलेली असते. साफ करताना रिंग खाचेत नीट बसली नाही किंवा खाचेत गाळाचा कण राहिला की असंच झिरपतं, आणि सर्व्हिसिंगनंतरच सुरू झालंय म्हणजे मला तरी हेच वाटतं.

रोज पाणी भरण्याबद्दल. एकदा-दोनदा ठीक, रोज नको. प्रत्येक वेळी नवीन पाण्याबरोबर ऑक्सिजन आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तोच काळा गाळ तयार होतो जो पकडायला हा फिल्टर बसवलाय. शिवाय गंज रोखणारं इनहिबिटर पातळ होत जातं, आणि तुमच्याकडचं पाणी जड, त्याचा चुना वेगळाच. आणि पाणी भरून झालं की लूपचे दोन्ही व्हॉल्व्ह नीट बंद करताय ना ते बघा, वेणीसारखी चंदेरी नळी असते ती.

हाउन्स्लोची काकू

अगं मिनिटाला एक थेंब म्हणजे फार पाणी नव्हे, त्याने रात्रीत काटा एवढा खाली यायला नको. अजून कुठेतरी पाणी मुरतंय. आमच्याकडे असंच झालं होतं, आम्ही एकाच गळतीमागे लागलो आणि दुसरी राहून गेली. एक कर, फिल्टरखाली भांडं ठेवून रात्रभरात किती पाणी जमतं ते मोज. आणि हीटिंग पूर्ण तापल्यावर काटा कुठे जातो ते बघून इथे लिही. बाहेरच्या भिंतीतून तांब्याचा एक छोटा पाइप निघून भिंतीकडेच वळलेला असेल, त्याच्या तोंडाला सँडविचची पिशवी रबरबँडने बांधून ठेव. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपातून पाणी येणं नॉर्मल आहे हं, ते कंडेन्सेट, बॉयलरच्या धुरातली वाफ गार होऊन झालेलं पाणी, त्याला घाबरू नको.

रेडिंगकर (धागाकर्ती)

काकू तुम्ही सांगितलं तसं केलं. सासूबाईंनी फिल्टरखाली आपली स्टीलची वाटी ठेवली, रात्रीतून एक भरली ती ओतून दुसरी ठेवली, सकाळी एकूण दीड वाटी, म्हणजे दोनशे मिलीच्या आसपास. आणि काटा! थंड असताना १.३ होता, संध्याकाळी दोन तास हीटिंग चालल्यावर २.८. मी कधी बघितलंच नव्हतं तापल्यावर. पिशवीत पण दोन-तीन चमचे पाणी आहे. म्हणजे आता दोन-दोन गळत्या का? मला खरंच टेन्शन आलंय, बॉयलरच बदलावा लागणार का?

हाउन्स्लोची काकू

बॉयलर बदलायची गरज मला तरी दिसत नाही, घाबरू नकोस. हे एक्सपान्शन व्हेसलचं लक्षण आहे. पाणी तापलं की फुगतं, त्याला जागा हवी म्हणून बॉयलरमध्ये एक बंद डबा असतो, मध्ये रबराचा पडदा, एका बाजूला सिस्टिमचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला हवा. कॉम्बीत साधारण सात-आठ लिटरचा असतो. त्यातली हवा हळूहळू कमी होते, मग फुगलेल्या पाण्याला जागाच नाही, काटा ३ बारच्या दिशेने चढतो, आणि ३ला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून त्या तांब्याच्या पाइपातून पाणी बाहेर टाकतो, तुझ्या पिशवीतलं पाणी तेच. गार झालं की काटा धाडकन खाली. डब्यात हवा नीट असती तर तुझ्या दीड वाटी पाण्याने काटा थोडासाच हलला असता. हवाच नाही म्हणून एवढा उतरतोय. आणि तापल्यावर एवढं प्रेशर आल्यामुळेच फिल्टरची रिंग जास्त गळत असणार.

लेस्टरवाला

काकू बरोबर बोलतायत, मी व्हेसलचा विचारच केला नव्हता.

तर ताई, दोन कामं वेगळी धरा. फिल्टर बॉयलरच्या बाहेर आहे, तिथे नुसतं पाणी, ते तुम्ही करू शकता. व्हेसल बहुतेक कॉम्बींमध्ये केसिंगच्या आत असतो आणि ते केसिंग आपण उघडायचं नाही, त्यासाठी गॅस सेफ रजिस्टरवाला, म्हणजे गॅसचं काम करायची अधिकृत नोंदणी असलेला माणूसच हवा. २००९पासून कॉर्गी या जुन्या रजिस्टरच्या जागी हेच आहे. आला की कार्ड मागा आणि उलटवून मागची बाजू वाचा, कुठलं काम करायची परवानगी आहे ते तिथेच असतं.

फिल्टरचं असं. तुमच्या मॉडेलच्या नंबरवरून ओ रिंग मागवा, नुसतं मापाने घेऊ नका. बॉयलर बंद करून तासभर पूर्ण गार होऊ द्या, तापलेल्या पाण्याने हात भाजतो. फिल्टरच्या दोन्ही बाजूचे व्हॉल्व्ह बंद, दांडी पाइपला आडवी आली म्हणजे बंद. मग वरचा छोटा एअर स्क्रू किंचित सैल करा, फुस्स होऊन थोडं पाणी येईल आणि थांबेल. थांबलंच नाही तर व्हॉल्व्ह धरत नाहीयेत, तिथेच स्क्रू बंद करा आणि पुढे जाऊ नका. थांबलं तर झाकण उघडा, जुनी रिंग काढा, खाच कापडाने पुसा, नखाने फिरवून बघा कण राहिलाय का. नवीन रिंगला सिलिकॉन ग्रीस बोटाने लावा, व्हॅसलीन अजिबात नको, रबर फुगतं. झाकण हाताने बसवून किल्लीने थोडंसंच. मग एक व्हॉल्व्ह हळू उघडा, हवा काढा, मग दुसरा. खाली जुना टॉवेल आणि टब ठेवा, तो काळा गाळ टाइल्सच्या फटीत गेला की निघत नाही.

रेडिंगकर (धागाकर्ती)

अपडेट द्यायला उशीर झाला, सॉरी. बाळ झोपलं तेव्हा केलं, सासूबाईंनी टॉर्च धरला आणि तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवत होत्या, एकेक वाक्य झालं की मी करायचे. व्हॉल्व्ह धरले, पाणी थांबलं. जुनी रिंग एका बाजूला चपटी झालेली आणि तिथेच नखाएवढी चीर, खाचेत काळी रवाळ पूड. नवीन बसवल्यापासून फिल्टर कोरडा आहे, खाली पांढरा टिश्यू ठेवलाय, दोन दिवस झाले डाग नाही. पण काटा अजून तापल्यावर २.७ला जातो आणि सकाळी ०.७, म्हणजे काकूंचं व्हेसलचं निदान बरोबरच निघणार असं दिसतंय. त्याच्यासाठी गॅस सेफवाला परवा मिळालाय, दुसरीकडचा. त्याला फोनवर नक्की काय सांगू?

हाउन्स्लोची काकू

आकडे सांग, थंड असताना किती, तापल्यावर किती, आणि पिशवीत पाणी आलं हेही, म्हणजे तो तयारीने येईल. तो सिस्टिमचं प्रेशर शून्यावर आणून व्हेसलच्या व्हॉल्व्हवर गेज लावेल, गाडीच्या टायरसारखाच व्हॉल्व्ह असतो. तिथून हवा आली तर नुसतं पंपाने भरायचं, पाणी आलं तर पडदा फाटलाय, व्हेसल बदलायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह पण बघायला सांग, एकदा उघडला की कचरा अडकून तो पुन्हा घट्ट बसेलच असं नाही. आणि जाताना इनहिबिटर टाकून घे, आठ-दहा दिवस ताजं पाणी भरलंयस.

रेडिंगकर (धागाकर्ती)

काकू, लेस्टरवाले दादा, दोघांचे मनापासून आभार. तो येऊन गेला. व्हॉल्व्हमधून हवाच आली, पाणी नाही, म्हणजे पडदा शाबूत. पंपाने १ बारला आणला, सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र बदलला कारण थोडा थोडा गळतच होता, आणि इनहिबिटरची बाटली फिल्टरमधूनच ओतली. माझं फिल्टरचं काम पण त्याने तपासलं, ठीक आहे म्हणाला. आज पाचवा दिवस, सकाळी थंड असताना १.३, रात्री तापल्यावर १.७, पिशवी कोरडी. सकाळी पाणी भरायला उठले नाही.