बाबांच्या स्लाइड्समधल्या जुन्या ब्रिटिश डिझेल गाड्या: ओळखायला मदत हवी

कृष्णाकाठ

इथे रेल्वेची जाण असलेली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. मला काही गाड्यांची ओळख पटवून हवी आहे.

माझे वडील डॉक्टर. 1965 साली ते इंग्लंडला गेले आणि मँचेस्टरजवळच्या स्टॉकपोर्टला एका रुग्णालयात रुजू झाले. आई मागाहून गेली. माझा जन्म तिकडचाच, 1978 मध्ये आम्ही सांगलीला परत आलो. बाबा गेल्यावर त्यांच्या स्लाइड्सच्या, म्हणजे चौकटीत बसवलेल्या पारदर्शक फिल्मवरच्या फोटोंच्या, पेट्या माझ्याकडे आल्या. विलायतेला गेलेली माणसं टॉवर ब्रिज टिपतात, राजवाडा टिपतात. बाबांनी टिपल्या त्या फलाटाला लागलेल्या दोन-तीन डब्यांच्या डिझेल पॅसेंजर. आम्ही ज्यात बसायचो त्याच गाड्या.

आमची लाइन मँचेस्टर पिकॅडिली ते बक्स्टन. स्टॉकपोर्ट, हेझल ग्रोव्ह, डिझली, न्यू मिल्स, व्हेली ब्रिज, चॅपल-एन-ल-फ्रिथ, डव्ह होल्स, ही नावं मला अजून ओळीने पाठ आहेत. या गाड्यांना वेगळं इंजिन नसायचं. पहिल्याच डब्याच्या तोंडाशी ड्रायव्हर, आणि त्याच्या पाठीमागे लाकडी भिंतीऐवजी काचा. तिथली पुढची जागा मिळावी म्हणून मी फलाटावर बाबांचा हात ओढत पळायचे. सीटवर गुडघे टेकून बसलं की ड्रायव्हरच्या खांद्यावरून सगळे रूळ दिसायचे, सिग्नलचा हात पडलेला दिसायचा, बोगद्याचं तोंड जवळ येताना दिसायचं. सीटचं कापड मांडीला टोचायचं आणि हीटर लागला की डब्यात गरम डिझेलचा वास भरायचा. आईला त्या वासाने मळमळायचं, मला मात्र तो फार आवडायचा. अंधार पडला की ड्रायव्हर मागचा पडदा ओढून घ्यायचा. मला तेव्हा वाटायचं, हा माझ्यावर रागावलाय.

आता प्रश्न. तीन स्लाइड्स स्कॅन करून टाकल्या आहेत.

पहिली: निळी गाडी, तोंड पूर्ण पिवळं, समोर तीन काचा. डब्यावर नंबर आहे, पण M504 एवढंच वाचता येतं, पुढचे दोन आकडे बर्फाने झाकलेत. चौकटीवर बाबांच्या अक्षरात 'बक्स्टन, जून 75'. जूनमध्ये बर्फ? बाबा तारखांच्या बाबतीत काटेकोर होते, महिना चुकतील असं वाटत नाही.

दुसरी: हिरवी गाडी, तोंडावर छोटा पिवळा चौकोन. चौकटीवर 'मिलर्स डेल'. हे स्टेशन मला आजच्या वेळापत्रकात सापडत नाही.

तिसरीत गाडी लांबून दिसते, विटांच्या प्रचंड पुलावर. हा स्टॉकपोर्टचा पूल, एवढं मला कळतं. गाडी कोणती ते सांगा.

लोहमार्ग

ताई, पहिल्या स्लाइडचं तारीख-वार सांगतो. बाबांनी महिना अगदी बरोबर लिहिलाय.

2 जून 1975, सोमवार. त्या दिवशी बक्स्टनला खरोखर बर्फ पडला होता आणि तो क्रिकेटच्या इतिहासात नोंदला गेलाय. बक्स्टनच्या मैदानावर डर्बीशायर विरुद्ध लँकेशायर सामना चालू होता. शनिवारी क्लाइव्ह लॉइडने नाबाद 167 ठोकले, लँकेशायर 5 बाद 477. सोमवारी खेळाडू येऊन बघतात तर मैदान पांढरंफटक. पंच डिकी बर्ड होते. त्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. मंगळवारी ऊन आलं आणि ओल्या खेळपट्टीवर डर्बीशायर 42 आणि 87 मध्ये गारद. बर्फ पडल्यावर पाच दिवसांनी तर पुरुषांचा पहिला विश्वचषक सुरू झाला! तुमचे बाबा क्रिकेटवाले होते का? त्या वर्षांत फारूख इंजिनियर लँकेशायरकडून खेळत होता, म्हणून विचारतो.

आता गाडी. M म्हणजे ब्रिटिश रेल्वेचा लंडन मिडलँड विभाग. 504 ने सुरू होणारा नंबर, तीन काचांचं तोंड आणि बक्स्टनची लाइन, एवढ्यावरून ही क्लास 104 (क्लास म्हणजे तिकडे गाडीच्या प्रकाराला दिलेला क्रमांक). बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथविकला बर्मिंगहॅम रेल्वे कॅरेज अँड वॅगन या कंपनीने 1957 ते 59 मध्ये बांधलेली. 104 आणि बक्स्टन ही जोडी तिकडच्या रेल्वेवेड्यांमध्ये पक्की आहे. समोर दोनच मोठ्या काचा असत्या तर क्रेव्हन्स कंपनीची गाडी म्हटलं असतं. प्रत्येक बाकाशेजारी बाहेर उघडणारं दार असतं तर ती शहरी वाहतुकीची, क्लास 116 किंवा 117 वगैरे.

मिलर्स डेल तुम्हाला सापडणारच नाही. बक्स्टनहून तिथवर छोटी शटल जायची आणि मँचेस्टर-डर्बी मेन लाइनच्या गाड्या तिथे पकडायच्या. ती शटल मार्च 1967 मध्ये बंद झाली आणि स्टेशनही. बाबा 1965 ला इंग्लंडला आले, म्हणजे ही स्लाइड त्या दीड-दोन वर्षांतली. हिरवा रंग आणि छोटा पिवळा चौकोन त्याच काळाशी जुळतो. पुढे सगळं निळं झालं आणि तोंड पूर्ण पिवळं. रूळ उखडले, पण मिलर्स डेलचे दोन जुळे पूल अजून उभे आहेत आणि त्या वाटेवर आज लोक चालतात, सायकली चालवतात. मॉन्सल ट्रेल म्हणतात त्याला. बोगदे 2011 पासून चालणाऱ्यांसाठी खुले केलेत.

तुमची बक्स्टन लाइनसुद्धा जाणार होती बरं का. 1963 च्या बीचिंग अहवालात ती बंद करायच्या यादीत होती, 1964 मध्ये वाचली. नाहीतर तुमचं ते खिडकीतलं बालपण बसमध्ये गेलं असतं.

एक विनंती. मिलर्स डेलच्या आणखी स्लाइड्स असतील तर निळ्या रंगाची, सहा डब्यांची, देखणी गाडी दिसते का बघा. ती मिडलँड पुलमन. 1960 ते 1966 मँचेस्टर सेंट्रलहून लंडनच्या सेंट पँक्रासला याच दरीतून जायची, फक्त फर्स्ट क्लास. त्या गाड्यांचा एकही डबा कुणी जपला नाही, सगळे भंगारात गेले. एक जरी स्लाइड निघाली तरी मोलाची आहे.

डिझेलकाका

मी कल्याणच्या डिझेल शेडमध्ये उमेदीची वर्षं काढली. आमचं WDM-2 म्हणजे 2600 अश्वशक्तीचं धूड, इंजिन जनरेटर फिरवणार, जनरेटर मोटरला वीज देणार. या विलायती गाड्यांचं तंत्र निराळं आहे आणि ते मला फार आवडतं, म्हणून लिहितो.

यांच्या फरशीखाली बसचं इंजिन आडवं निजवलेलं असे. डब्याला दोन, प्रत्येकी 150 अश्वशक्ती. काही लेलँड कंपनीची, काही एईसी कंपनीची. एईसीचा कारखाना लंडनच्या साउथॉलला, जिथे पुढे आपल्या पंजाबी मंडळींचं गाव वसलं. 104 ला लेलँड. इंजिनातली ताकद आधी तेलाने भरलेल्या फ्लुइड फ्लायव्हीलमध्ये, तिथून चार गिअरच्या एपिसायक्लिक पेटीत, मग कार्डन शाफ्टने थेट आसाला. वीज नाही, काही नाही. रुळावरची बसच म्हणा.

ताई, तुम्ही ड्रायव्हरच्या मागे बसायचात ना? मग हे पाहिलं असेल: ताशी साधारण 15 मैल वेगावर तो थ्रॉटल पूर्ण मागे घेतो, गिअरचा दांडा पुढच्या खाचेत टाकतो, क्षणभर थांबतो, पुन्हा थ्रॉटल. मग 27 च्या आसपास तेच, 41 च्या आसपास तेच. डब्यात बसलेल्याला काय ऐकू येतं? इंजिन ओरडत ओरडत वर चढतं, एकदम गप्प होतं, आणि खालच्या पट्टीत पुन्हा सुरू होतं. घाई करणारा ड्रायव्हर असला की गाडी हिसका देणार. चांगला ड्रायव्हर असला की हातातल्या कपातला चहा हलत नाही. आणि मागे चार डबे जोडलेले असले तरी सगळ्यांचे गिअर त्या एकाच दांड्यावर, हवेच्या दाबाने, एकदम बदलणार. 1950 च्या दशकात हे केलंय त्यांनी.

बक्स्टनच्या चढावर ही इंजिनं तिसऱ्या गिअरमध्ये किती वेळ ओरडत असतील, कल्पना करा. व्हेली ब्रिजपासून डव्ह होल्सपर्यंत सलग चढ आहे.

यातल्या कित्येक गाड्या म्हाताऱ्या झाल्या म्हणून गेल्या नाहीत. डब्यांच्या भिंतीत निळं अ‍ॅस्बेस्टॉस भरलेलं होतं, ते काढायचा खर्च परवडेना.

कृष्णाकाठ

काका, तो गप्प होण्याचा क्षण! मी विसरलेच होते आणि तुम्ही लिहिल्याबरोबर कानात वाजला. गार्ड निघायचा इशारा द्यायचा तेव्हा ड्रायव्हरच्या खोलीत दोनदा घर्र-घर्र व्हायचं, ड्रायव्हर उलट दोनदा दाबायचा, मग तो पहिला जोर. घरी भाऊ आणि मी हाच खेळ खेळायचो. मी गार्ड, तो ड्रायव्हर, कारण तो मोठा.

लोहमार्ग, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "अगं, इंजिनियरसाठीच तर हे मॅचला पळायचे. त्या दिवशी रजा काढून गेले आणि दुपारच्या गाडीने भिजलेले बूट घेऊन परत आले. मला म्हणाले, बर्फ पडला. मी म्हटलं, काहीतरीच सांगू नका." आईला ते आज पटलं.

निळी गाडी अजून दिसलेली नाही. दोन पेट्या बघायच्या राहिल्यात.

लोहमार्ग

आईंना माझा नमस्कार सांगा.

तिसऱ्या स्लाइडबद्दल राहिलंच. पूल 1840 चा, एक कोटी दहा लाख विटांचा. गाडी पुन्हा निळी आहे, पण एवढ्या लांबून 101 की 104 हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मोठ्या रिझोल्यूशनमध्ये टाका.

101 म्हटलं की मला राहवत नाही. 2003 मध्ये कामानिमित्त मी मँचेस्टरला होतो आणि तेव्हा तिथे 101 अजून धावत होत्या. मेट्रो-कॅमेल कंपनीने बर्मिंगहॅमच्या वॉशवुड हीथला 1956 ते 59 मध्ये बांधलेल्या. पहिल्या पिढीच्या इतर जवळजवळ सगळ्या गाड्या रोजच्या सेवेतून गेल्या होत्या आणि या पिकॅडिलीहून मार्पलकडे निवांत जात होत्या. शनिवारी मी पुढची जागा धरून बसायचो, शेजारी आठ-नऊ वर्षांची पोरं. 24 डिसेंबर 2003 ला त्या बंद झाल्या. फलाटावर तेव्हा जितके कॅमेरे होते तितके या गाड्यांनी उभ्या आयुष्यात पाहिले नसतील.

आणि हेच मला डाचतं. वाफेची इंजिनं बंद होईपर्यंत, म्हणजे 1968 च्या ऑगस्टपर्यंत, तिकडचा प्रत्येक छायाचित्रकार वाफेच्या इंजिनामागे धावत होता. डिझेल गाडी आली की कॅमेरा खाली. वाफ घालवली म्हणून राग! रोज कामावर जाणारी, शाळेला जाणारी माणसं ज्यात बसली त्या गाड्यांचे त्यांच्या भरातले रंगीत फोटो म्हणूनच कमी. तुमच्या बाबांनी उलट केलं. सांगलीच्या डॉक्टरला त्या गाडीत जे दिसलं ते तिथल्या लोकांना तेव्हा दिसलं नाही.

रत्नांग्रीकर

रेल्वेतलं मला कळत नाही, फोटोतलं कळतं. वडिलांचा स्टुडिओ होता, आता मी बघतो.

ताई, स्लाइडच्या चौकटीवर फिल्मचं नाव छापलेलं असतं, ते आधी बघा. कोडाक्रोम असेल तर नशीबवान आहात. अंधारात ठेवलेली कोडाक्रोम पन्नास-साठ वर्षं रंग सोडत नाही. पण प्रोजेक्टरच्या उजेडात तीच सगळ्यात लवकर उडते, तेव्हा घरी सगळ्यांना भिंतीवर दाखवायचा मोह आवरा. एकदा स्कॅन करा आणि स्कॅनच दाखवा. दुसऱ्या कुठल्या फिल्मच्या असतील तर त्या आधी स्कॅन करा, त्यांचे रंग पेटीतच उडत असतात.

स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढायची इन्फ्रारेडची सोय असते. कोडाक्रोमला ती बंद ठेवा, चित्रातले गडद भागच धूळ समजून खाते. ब्लोअरने हवा मारा, तोंडाने फुंकू नका. पांढरे कोळ्याच्या जाळ्यासारखे डाग दिसले तर ती बुरशी. पाणी लावायचं नाही, कापडाने पुसायचं नाही, त्या स्लाइड्स वेगळ्या डब्यात काढायच्या. पावसाळ्याआधी हे उरका. आणि चौकटीवरचं बाबांचं अक्षरसुद्धा स्कॅन करा, नुसतं चित्र नको. जून 75 चा उलगडा त्या अक्षरावरूनच झाला ना?

कृष्णाकाठ

सगळ्या कोडाक्रोम निघाल्या! प्रोजेक्टर भाचा काढणारच होता, त्याला थांबवलं.

मिलर्स डेलच्या हिरव्या गाडीचा मागचा डबा भिंगातून पाहिला. नंबर M56 ने सुरू होतो, पुढचं गार्डच्या कोपराआड गेलंय. याचा काही अर्थ लागतो का? आणि या गाड्यांत आजही कुठे बसता येईल का? भाऊ लेस्टरला असतो, पुढच्या वर्षी जायचा विचार आहे.

डिझेलकाका

56 म्हणजे ड्रायव्हिंग ट्रेलर. ड्रायव्हरची खोली आहे, पण खाली इंजिन नाही. म्हणजे पुढचा, 50 किंवा 51 ने सुरू होणाऱ्या नंबरचा इंजिनवाला डबा त्याला ओढतोय. दोन डबे, दोन इंजिनं, 300 अश्वशक्ती.

लोहमार्ग

लेस्टरहून डर्बीशायरमधलं वर्क्सवर्थ सोयीचं आहे. तिथे एकल्सबर्न व्हॅली रेल्वे जुन्या डिझेल गाड्या जपते आणि चालवते, वर्क्सवर्थ ते डफील्ड, साधारण नऊ मैल. चालण्याचे दिवस ठरलेले असतात, आधी बघून जा आणि ड्रायव्हरच्या मागची जागा धरा. भावाला गार्ड होऊ द्या या वेळी.

पुढच्या दोन पेट्यांतलं टाकाल तेव्हा आधी डब्याचा नंबर, मग चौकटीवरचं गाव आणि साल. नंबर अर्धा असला तरी चालेल.