अनुभव धागा : हाताला सुचतं कुठून?

गोधडीवाली_धुळे
काल शेजारच्या बाळाला नवा पांगुळगाडा आला. त्याची लाकडी चाकं फरशीवर कटकट करत निघाली आणि मला आजीकडची आखाजी, म्हणजे आमच्या खान्देशातली अक्षय तृतीया, आठवली. निंबाला झोका, पोरींची गौराईची गाणी, आणि तिथंच ओट्यावर आजी जुन्या लुगड्यांचे तुकडे पसरून बसलेली. गाणं सरकेल तसा तिचा धावदोरा सरकायचा. कडेपासून सुरुवात, मग चौकोनात चौकोन करत मधोमध. ओळ लांबली की टाका लांब, ठेका धरला की बारीक. बोट फिरवलं तर आजही कळतं. मी आता लहान मुलांच्या गोधड्या शिवते. रंग फोनवर बघून ठरवते, नक्षी मात्र कानात गाणं असलं तरच सुचते. तुमचं कसं? गाणं, कापड, लाकूड, हातानं जे काही करता त्याचं मूळ कुठं आहे ते लिहा.

नवापूरचा_पोऱ्या
पावरी!! आमच्या आदिवासींच्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात रात्रभर फुंकून वाजवतात ती. वाळका दुधी, बांबूच्या नळ्या, जोडाला मेण. वाजवणारा थांबून श्वास घेतच नाही, गालात हवा धरतो आणि नाकानं ओढतो. सूर तुटत नाही. मी लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो. वरात कितीही थांबली तरी खालचा सूर सोडत नाही, ते तिथून आलं.

चोपड्याची_माय
आखाजी म्हटलं की खापरावरची पुरणपोळी आणि आमरस! कुकर लावलाय, घाईत लिहितेय. सासूबाईंना झोक्याची गाणी खूप येतात. नुसतं म्हणा म्हटलं की एक आठवत नाही, झोक्यावर बसवलं की धडाधड सुरू.

गोधडीवाली_धुळे
माय, मग झोक्यावरच बसवा आणि फोनवर रेकॉर्ड करून घ्या. याच आखाजीला. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, घरच्या मुलांनी लिहून घेतलं म्हणून आपल्याला मिळालं.

यावलचा_रंधा
लाकडाचं सांगतो. फैजपूर आमच्या शेजारचं. डिसेंबर १९३६ मध्ये तिथं काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. सजावट नंदलाल बोस यांची. बांबू, गवत, आसपास मिळेल तेच घेऊन त्यांनी सगळं उभं केलं. काम शिकत होतो तेव्हा हे कळलं आणि सनमायका लावलेल्या चकचकीत बेबी सोफ्यांवरून मन उडालं ते उडालंच. आता मुलांच्या खुर्च्या बाभूळ आणि बांबूच्या करतो. बैठकीची उंची मुलाच्या गुडघ्यामागून टाचेपर्यंत मोजून घेतो. पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत. पाय लोंबले की मूल बसत नाही, उतरून पळतं. बाजारच्या खुर्च्या एकाच मापाच्या येतात, त्याचं मला फार वाईट वाटतं.

नवापूरचा_पोऱ्या
भलतं भारी शे भाऊ!! फोटो टाका ना.

मिलची_पोर
वडील अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये मागावर होते. भोंगा झाला की आईचा चहा चुलीवर. ते घरी मागाचा आवाज तोंडानं काढून दाखवायचे, खट-खटाक, खट-खटाक, आणि आम्ही भावंडं त्यावर नाचायचो. मी आज चादरींची डिझाइनं काढते. आलेखाच्या कागदावर पट्टे भरताना दोन पांढरे, एक लाल, दोन पांढरे असं पुटपुटते ते त्याच चालीवर. माझे पट्टे कधी सारख्या अंतरावर येत नाहीत, मधे एक दम घेतलेला असतो. गिऱ्हाईक म्हणतं वेगळं वाटतं. बाबा असते तर त्यांना लगेच कळलं असतं.

चोपड्याची_माय
डोळे भरले गं पोरी. त्यातली एखादी चादर मला हवी, खरंच सांगतेय.

भुसावळची_आत्या
सगळ्यांचं वाचलं, छान. माझं वेगळंच. रंधाभाऊ, नातीला दात येताहेत, दिसेल ते लाकूड चावते. पांगुळगाड्याला पॉलिश कोणतं करू?

नवापूरचा_पोऱ्या
कानबाईच्या सणाला धुळ्यात कोण कोण आहे? आमचा ग्रुप गाणी म्हणायला येतोय.

गोधडीवाली_धुळे
आमच्याकडेच या की! रोट खाल्ल्याशिवाय जाऊ देणार नाही.

यावलचा_रंधा
आत्या, रंग नको आणि चमकदार पॉलिशही नको. आधी सगळ्या कडा बारीक पॉलिशपेपरनं गोल करा, हात फिरवला तर कुठंच अडकायला नको. मग कच्चं जवसाचं तेल, अगदी पातळ हात, उरलेलं कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. डब्यावर बॉइल्ड लिहिलेलं घेऊ नका, त्यात सहसा लवकर वाळायची रसायनं असतात. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, तोवर नातीला देऊ नका. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. बाहेर दोरीवर पसरून वाळवा.