मदत हवी आहे: वाळवंटातल्या सेमिस्टरचे क्रेडिट

नमस्कार मंडळी, माझी भाची अमेरिकेत एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर बॅचलर्स करतेय, तिला एक सेमिस्टर नोल्सबरोबर (रानावनात राहून शिकवणारी, 1965 पासूनची वायोमिंगमधली संस्था) ॲरिझोनाकडच्या वाळवंटात काढायचंय, पाठीवर सॅक, तंबूत मुक्काम, आणि त्याचं कॉलेज क्रेडिटही मिळतं म्हणे. ताईला वाटतंय नुसती भटकंती आहे, मला तसं अजिबात वाटत नाही. तिथे काळपट खरबरीत मातीचा जिवंत थर असतो, त्यावर पाय पडला तर भरून यायला वर्षानुवर्षं लागतात, म्हणून पाऊल कुठे टाकायचं इथपासून शिकवतात, शौचाचा खड्डासुद्धा 6 ते 8 इंच खोल आणि पाण्यापासून 200 फूट लांब! हा अभ्यासच आहे ना?

प्रश्न व्हिसाचा आहे. एफ-1 ला बॅचलर्समध्ये सेमिस्टरला किमान 12 क्रेडिट लागतात, मग बाहेरच्या संस्थेचे त्यात धरतात का? की डीएसओकडून (कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणारे अधिकारी) आधी लेखी घ्यायचं? आणि ट्रान्सफर झाले तर मेजरमध्ये (मुख्य विषयात) बसतात की नुसते इलेक्टिव्ह (ऐच्छिक) म्हणून पडून राहतात? कोणाच्या मुलांनी असं केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा, पोरीची फार इच्छा आहे हो.