मदत हवी आहे: विटांच्या सांध्यातला माल भुसभुशीत निघतोय

बागेत फुलझाडांसाठी दोन फूट उंच विटांचा वाफा स्वतःच बांधतोय. माल १:६ ने कालवला, एक घमेलं सिमेंट नि सहा घमेली चाळलेली वाळू, आधी कोरडंच रंग एकसारखा होईपर्यंत परतून मग पाणी. तीन थर झाले पण आठवड्याने सांधा खिळ्याने खरवडला तर वाळू गळते. सिमेंट ताजं आहे, गुठळ्या नाहीत. विटा भिजवल्या नव्हत्या आणि बांधकामावर पाणी दोनच दिवस मारलं, बहुतेक तिथंच चुकलं, शिवाय घट्ट झालेल्या मालात दोन तासांनी परत पाणी घालून तोच वापरला, ते करायचं नसतं हे आता कळतंय. पुढे ओली माती टेकणार आहे म्हणून काळजी वाटते. आता रोज पाणी मारून हे थर सावरतील का, की उतरवून भिजवलेल्या विटांनी १:५ ने परत बांधू?