गाठीभोवती लिग्नोकेन: डॉ. बडवे यांचा पेपर कुणी वाचलाय का?

निळी_शाई
आत्याच्या (वय 61) डाव्या स्तनात गाठ निघाली. बायॉप्सीत कॅन्सर आला. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन आहे. घरच्या ग्रुपवर कालपासून एकच मेसेज फिरतोय: "टाटाचा शोध, साधं स्वस्त इंजेक्शन, मृत्यूचा धोका 29 टक्क्यांनी कमी!" काका म्हणतात, डॉक्टरांना सांगून टाक, द्यायला काय जातंय.

मी बँकेत कारकून, विज्ञान दहावीला सुटलं ते सुटलंच. तरी रात्री डिक्शनरी घेऊन सारांश वाचला. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकारी, 2023, जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी. भारतातली 11 केंद्रं, जवळपास 1600 बायका. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) टोचलं, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी जिवंत किती, तर 90.1 टक्के आणि 86.4 टक्के.

फरक 3.7 चा. रोज वजाबाक्याच करते हो मी. मग 29 आले कुठून?

पाढे_पाठ
उलटीकडून मोजा. जिवंत 86.4 म्हणजे गेलेल्या 13.6, आणि इंजेक्शनवाल्या गटात 9.9. साडेतेराचे जवळपास दहा झाले, म्हणजे 27 टक्के घट. पेपरात फक्त पाचव्या वर्षाचा आकडा न घेता सगळ्या काळातल्या मृत्यूच्या धोक्याचं दोन गटांमधलं गुणोत्तर काढलंय, ते 0.71 येतं. शंभरातून 71 गेले, म्हणून 29. 3.7 आणि 29, दोन्ही आकडे खरे, पण मेसेज करणारा मोठाच उचलणार.

मला खटकलं ते वेगळंच. दुसऱ्या गटाला नुसतं सलाईनसुद्धा टोचलेलं नाही. त्यामुळे फायदा औषधाचा की टोचण्याचा, हे या एका अभ्यासातून वेगळं काढता येत नाही.

ओटीतली_ताई
निळी शाई, 26 वर्षं थिएटरमध्ये सिस्टर होते. लिग्नोकेन म्हणजे आमच्या ट्रॉलीवरचं रोजचं औषध. टाके घालताना बधिर करायला वापरतात तेच. इथे मात्र ते बधिर करायला नाही, पेशंटला पूर्ण भूल दिलेलीच असते. गाठीच्या सगळ्या बाजूंनी, वर-खालीसुद्धा टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग चाकू. ऑपरेशनच्या वेळी गाठ हलते, दाबली जाते, तेव्हा तिथल्या पेशी सुटून पसरू नयेत ही त्यामागची कल्पना. लिग्नोकेन पेशींवरचे सोडियमचे मार्ग बंद करतं, त्यातून हे घडत असावं असं लेखकांना वाटतं.

आता सगळ्यात आधी एक सांग. आत्याला केमो आधी दिलाय का? या अभ्यासातल्या बायकांचं पहिलं ऑपरेशनच झालं होतं. केमो होऊन गेला असेल तर हे आकडे तिला जसेच्या तसे लागू करू नकोस.

आणि "द्यायला काय जातंय" हे काकांना बोलू देऊ नकोस. डोस वजनावर ठरतो, किलोला साडेचार मिलिग्रॅमच्या वर नाही. जास्त झालं किंवा शिरेत गेलं तर झटके येतात, हृदयाचे ठोके बिघडतात. सर्जनला विचार, पण भूलतज्ज्ञालाही कानावर घाल.

काठावरचा_वाचक
बडव्यांचा 2015 चा लॅन्सेट ऑन्कॉलॉजीतला पेपरही बघा. आजार आधीच शरीरात पसरलेल्या 350 बायका. निम्म्यांच्या स्तनावर आणि काखेत ऑपरेशन करून, गरजेप्रमाणे लाइट (रेडिएशन) दिली, निम्म्यांना नाही. निम्म्या बायका जिवंत असण्याचा काळ 19.2 महिने विरुद्ध 20.5. फायदा शून्य. सर्जन असून "इथे आमच्या चाकूचा उपयोग नाही" असं छापलं, म्हणून या माणसाचं दुसरं म्हणणं मी जरा जास्त कान देऊन ऐकतो.

निळी_शाई
ताई, केमो नाही झालेला, आधी ऑपरेशनच आहे. आज सारांशाचं प्रिंट घेऊन गेले. सर्जनबाईंनी हसण्यावारी नेलं नाही. पेपर माहीत होता त्यांना, पण "अजून सगळीकडे नेमाने देत नाहीत" म्हणाल्या. भूलतज्ज्ञांशी बोलून उद्या सांगतील.

बाहेर बाकावर बसून मी हिशोब केला. आत्याचं वजन 48 किलो. साडेचार गुणिले 48, 216 मिलिग्रॅम. अर्ध्या टक्क्याच्या औषधात मिलीला 5 मिलिग्रॅम, म्हणजे जास्तीत जास्त 43 मिली. आत्याने कागद हातातून घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "वजन 47 लिही. परवा काट्यावर चपला होत्या पायात."