ॲक्सेप्ट हे नाव नेमके कोणाचे: गळ्याचे, गिटारचे की आणखी कोणाचे?

काडीकर:

सोलिंगेन हे जर्मन शहर आपल्याकडच्या जुन्या पिढीला वस्तऱ्यांमुळे ठाऊक होते. आमच्या आजोबांच्या वस्तऱ्याच्या पात्यावर ते नाव कोरलेले होते. त्याच चाकू-सुऱ्यांच्या गावातून ॲक्सेप्ट हा हेवी मेटल बँड पुढे आला. त्याचा पहिला अल्बम १९७९ चा असून २०२४ मध्ये ‘ह्युमनॉइड’ आला, म्हणजे मधल्या खंडांसह ही वाटचाल पंचेचाळीस वर्षांची आहे. तरीही चाहत्यांच्या कोणत्याही बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येते, की मूळ गायक ऊडो डर्कश्नायडर बँड सोडून गेल्यावर उरले ते खरे ॲक्सेप्ट नव्हे. मला हे मुळीच मान्य नाही.

बँडचा कणा वुल्फ हॉफमनची गिटार आहे. ‘रेस्टलेस अँड वाइल्ड’ (१९८२) या अल्बमवर दुसरा गिटारवादक म्हणून हर्मन फ्रँकचे नाव छापलेले असले, तरी त्यातली गिटार हॉफमननेच वाजवलेली आहे. ‘मेटल हार्ट’ (१९८५) च्या शीर्षकगीताची सुरुवात चायकोव्हस्कीच्या ‘स्लाव्हिक मार्च’ने होते आणि मधल्या सोलोत बेथोव्हनची ‘फ्यूर एलिझे’ येते. पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि धारदार रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारी छोटी चाल) यांची ही सांगड हॉफमनची असून ॲक्सेप्टची ओळख मी तिलाच मानतो. मार्क टॉर्निलो या नव्या गायकाला घेऊन २०१० मध्ये केलेला ‘ब्लड ऑफ द नेशन्स’ ऐकताना ही जुनी शिदोरी पुरवून खाणारी मंडळी आहेत, असे एकदाही वाटत नाही. पुढे ‘ब्लाइंड रेज’ (२०१४) जर्मनीच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला, आणि तेव्हा ऊडो बँडमध्ये नव्हता.

खर्ज:

काडीकर, आपण कहाणी मधूनच सुरू केली आहे. हॉफमन येण्याच्या कितीतरी आधी, १९६० च्या दशकाच्या अखेरीस, ऊडोने मायकेल वागेनर या मित्राबरोबर ‘बँड एक्स’ या नावाने वाजवायला सुरुवात केली होती आणि ॲक्सेप्ट त्याच रोपट्याचे झाड आहे. (अवांतर: हाच वागेनर पुढे अमेरिकेत नामांकित ध्वनितंत्रज्ञ झाला आणि मेटॅलिकाच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’चे मिश्रण त्याने केले.)

आता ‘रेस्टलेस अँड वाइल्ड’मधल्या ‘फास्ट ॲज अ शार्क’ या गाण्याची सुरुवात आठवा. जुन्या, खरखरणाऱ्या तबकडीवर एक जर्मन लोकगीत हसतखेळत वाजत असते, सुई कर्कशपणे ओरखडत जाते आणि त्या निरागस सुरांच्या चिंधड्या उडवत ऊडोची किंकाळी येते. स्टेफान काउफमनचे डबल बेस ड्रम त्यानंतर जो वेग धरतात, त्याला पुढे स्पीड मेटल म्हटले गेले. रिफ कितीही उत्तम असली, तरी ती किंकाळी काढून टाका आणि काय उरते ते प्रामाणिकपणे सांगा. खरे तर सांगण्याचीही गरज नाही, कारण हा प्रयोग बँडनेच करून पाहिला आहे. ऊडो १९८७ मध्ये वेगळा झाला आणि डेव्हिड रीस या अमेरिकन गायकाला घेऊन १९८९ मध्ये ‘ईट द हीट’ काढला गेला. गिटार हॉफमनचीच होती, बास पेटर बाल्टेसचा होता, ड्रमवर काउफमन होता. बदलला होता तो फक्त गळा, आणि त्याच वर्षी बँड मोडला.

काडीकर:

फक्त गळा बदलला, हेच चूक आहे. अमेरिकी रेडिओला रुचावे म्हणून त्या अल्बमची चालच मवाळ केली होती आणि दोष त्या हव्यासाचा होता. शिवाय दौऱ्यात काउफमनचे पाठीचे दुखणे उद्भवले, ते वेगळेच. गळाच सर्वस्व असता, तर ऊडो परतल्यावर सगळे सुरळीत व्हायला हवे होते. ‘ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड’ (१९९३) चांगला झाला हे मी मान्य करतो, पण त्यानंतरच्या ‘डेथ रो’ आणि ‘प्रिडेटर’मध्ये तोच गळा असूनही बँड पुन्हा थांबलाच. आणखी एक गोष्ट आपण सोयीस्करपणे वगळली आहे. ऊडोने स्वतःचा यू.डी.ओ. हा बँड काढला, त्याच्या ‘ॲनिमल हाउस’ (१९८७) या पहिल्या अल्बममधली गाणी ॲक्सेप्टच्याच मंडळींनी रचलेली होती. वेगळी चूल मांडली खरी, पण पहिल्या दिवसाचा शिधा माहेरून आलेला होता.

सुईदोरा:

गळा आणि गिटार यांच्या भांडणात शब्द कोणाचे होते, हे दोघेही विसरलात. ‘बॉल्स टू द वॉल’ (१९८३) हा या बँडचा जगभर गाजलेला आणि अमेरिकेत सुवर्ण मानांकन मिळवणारा अल्बम आहे. त्याचे शीर्षकगीत नाव ऐकून वाटते तसे टपोरी मुळीच नाही. पिचलेली, साखळदंडांत जखडलेली माणसे एक दिवस उठतील, असा इशारा त्यात आहे. बँडच्या व्यवस्थापक गाबी हाउके ‘डेफी’ या टोपणनावाने गीतलेखनात सहभागी असत. करार, दौरे आणि प्रतिमा सांभाळणारी हीच बाई शब्दांतही हात घालत होती, पण मंचावर दिसत नसल्यामुळे चाहत्यांच्या हिशेबात ती कधी धरलीच गेली नाही. हेवी मेटलमध्ये त्या काळी सारा भर दारू, दुचाकी आणि सैतान यांवर असताना या सोलिंगेनच्या मंडळींना मानवी हक्कांचा विषय सुचला, याचे श्रेय ना किंकाळीला देता येते ना रिफला.

काउफमनचा प्रवासही असाच दोघांच्याही मांडणीत बसत नाही. पाठीने ड्रम सोडायला लावल्यावर तो गिटार घेऊन ऊडोच्याच बँडमध्ये गेला आणि तिथे २०१२ पर्यंत राहिला. त्या वर्षांतली यू.डी.ओ.ची गाणी ऐकली तर ॲक्सेप्टचा एक मोठा तुकडा दुसऱ्या पाटीखाली नांदत होता असे वाटते.

ऱ्हाईनकाठ:

मी गेली काही वर्षे ड्युसेलडोर्फला राहतो. सोलिंगेन इथून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास आहे. सुईदोराताईंचा धागा पुढे नेतो. बाल्टेस २०१८ मध्ये ॲक्सेप्टमधून बाहेर पडला आणि २०२३ मध्ये ऊडोकडे गेला. म्हणजे १९८३ च्या त्या संचातली दोन माणसे, ऊडो स्वतः आणि बाल्टेस, आज ऊडोच्या मंचावर आहेत आणि ‘ॲक्सेप्ट’ हे नाव असलेल्या मंचावर एकटा हॉफमन आहे. आपल्याकडे एखादे नाटक पुन्हा रंगभूमीवर आणताना जाहिरातीत ‘मूळ संचात’ असे अभिमानाने छापतात. तो निकष लावला तर काडीकरांची बाजू टिकत नाही.

काडीकर:

डोकी मोजून बँड ठरत असेल, तर उद्या तिघे एका हॉटेलात जेवायला बसले म्हणून तिथेही ॲक्सेप्ट अवतरले असे म्हणावे लागेल. नाटकाचेच उदाहरण घ्यायचे तर प्रमुख नट बदलूनही शेकडो प्रयोग रंगलेली नाटके आपण पाहिलेली आहेत आणि ते नाटक दुसरे आहे असे कोणी म्हणत नाही. शिवाय ऊडोने २०१६ च्या सुमारास ‘डर्कश्नायडर’ या नावाने दौरा काढून ॲक्सेप्टची गाणी आता शेवटचीच गात असल्याचे जाहीर केले होते. त्यानंतर २०२५ मध्ये ‘बॉल्स टू द वॉल’ अख्खा नव्याने ध्वनिमुद्रित केला, तोही गाण्यागणिक पाहुणे गायक बोलावून. निरोपाचा नारळ घेतलेला माणूस पुन्हा पंगतीला बसला, एवढेच मी म्हणेन.

खर्ज:

निरोपाचा टोमणा मान्य आहे; मलाही ते खटकले होते. पण टॉर्निलोविषयी एक प्रश्न तुम्ही टाळत आहात. ‘ब्लड ऑफ द नेशन्स’च्या आधी बँड पुन्हा उभा करताना ऊडोने परतायला नकार दिल्यानंतर हॉफमन आणि बाल्टेस यांना कोणत्याही जातीचा आवाज निवडता आला असता. रीसच्या वेळी त्यांनी गुळगुळीत, सुरेल गळा निवडला होता. या वेळी त्यांनी न्यू जर्सीच्या टीटी क्विक या बँडमधला असा गायक घेतला, ज्याच्या आवाजाला ऊडोसारखीच कानशीची धार आहे आणि जो जुनी गाणी त्याच पट्टीत, त्याच खरखरीसह गाऊ शकतो. गिटारच जर ॲक्सेप्ट असेल, तर गिटारवादकाला तोच साचा पुन्हा शोधावा का लागला?

काडीकर:

याचे सरळ उत्तर माझ्याकडे नाही. साचा ऊडोचा आहे, एवढे मान्य करतो. पण ‘ब्लड ऑफ द नेशन्स’मधले ‘ट्युटॉनिक टेरर’ मी टॉर्निलोऐवजी ऊडोच्या आवाजात कल्पून पाहिले आणि ते मला जमले नाही. तुम्हीही एकदा करून पाहा.

सुईदोरा:

मला जमले. मात्र शब्द ऐकताना दोन्ही आवाजांत हाउके यांची उणीव जाणवली.