कोविडमधून बरे झाल्यावर अमेरिकेला जाताना चाचणी लागते का?

प्रतापनगरवासी | 12 मार्च 2022

नमस्कार. माझे वय 66 आणि पत्नीचे 61. मुलीच्या बाळंतपणासाठी आम्हा दोघांना 8 एप्रिलच्या संध्याकाळी नागपूरहून दिल्लीला आणि तेथून मध्यरात्रीनंतरच्या विमानाने न्यूअर्कला जायचे आहे. 27 मार्चपासून नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे सुरू होत असल्यामुळे तिकिटे मिळाली, परंतु चाचणीच्या नियमाने डोके पिकवले आहे.

संक्रांतीच्या दिवशी, म्हणजे 14 जानेवारीला, पत्नीचा स्वॅब घेतला गेला आणि आरटी-पीसीआर पॉझिटिव्ह आली. तिचा अहवाल जपून ठेवला आहे. दोन दिवसांनी मलाही ताप आला, पण त्या आठवड्यात लॅबची माणसे घरी यायला तयार नव्हती, म्हणून औषधाच्या दुकानातून घरगुती किट आणून तपासले. दोन रेघा उमटल्या. तारीख कळावी म्हणून किट त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर ठेवून मी फोटो काढला आहे. आता दोघेही ठणठणीत आहोत आणि दोघांचे कोव्हिशील्डचे दोन डोस झालेले आहेत. बरे झालेल्यांना चाचणीतून सूट आहे असे ऐकतो. ती पत्नीला लागू होईल का, माझा फोटो चालेल का, आणि चाचणी करावीच लागली व ती अजूनही पॉझिटिव्ह आली तर काय करायचे, हे कृपया कोणी सांगावे.

दोन_बॅगा

काका, मी फेब्रुवारीत याच सवलतीवर गेलो, त्यामुळे कागदांसह सांगतो. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेच्या आदेशानुसार दोन वर्षांवरील प्रत्येक विमानप्रवाशाकडे निघण्यापूर्वीच्या एका दिवसातील निगेटिव्ह चाचणी असावी लागते. गेल्या डिसेंबरपर्यंत ही मुदत तीन दिवसांची होती, ओमिक्रॉननंतर 6 डिसेंबरपासून ती एका दिवसावर आली. त्याऐवजी मागील 90 दिवसांत कोविड होऊन गेल्याचा पुरावा दाखवता येतो, पण हा पुरावा दोन कागदांचा मिळून होतो : लॅबचा पॉझिटिव्ह अहवाल आणि आपण प्रवासास योग्य आहात असे नोंदणीकृत डॉक्टरांनी लिहून दिलेले पत्र. नुसता अहवाल घेऊन गेलात तर काउंटरवरचा माणूस तुम्हाला कोविड झाला होता एवढेच वाचेल.

पत्र लेटरहेडवर हवे आणि त्यावर डॉक्टरांचे नाव, पत्ता व फोन क्रमांक हवा. आमच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर 'फिट फॉर ट्रॅव्हल' एवढ्या तीन शब्दांत काम उरकले होते. मी ते परत नेऊन पूर्ण वाक्यांत लिहून घेतले : अमुक तारखेला पॉझिटिव्ह, विलगीकरण पूर्ण, आता लक्षणे नाहीत, विमानप्रवासास हरकत नाही.

90 दिवस नमुना दिल्याच्या तारखेपासून मोजतात, अहवाल हातात आल्यापासून नव्हे. काकूंचा नव्वदावा दिवस 14 एप्रिलला येतो. आंबेडकर जयंतीचा दिवस आहे, लक्षात राहील. 8 तारखेला निघालात तर त्या सहज बसतात, मात्र विमान आठवडाभर पुढे ढकलले गेले तर त्यांनाही चाचणी करावी लागेल.

आणि एक : या सवलतीने फक्त चाचणी टळते. परदेशी नागरिकांसाठी 8 नोव्हेंबर 2021 पासून असलेली लसीकरणाची अट तशीच राहते. कोव्हिशील्ड चालते. कोविन या लसनोंदणीच्या संकेतस्थळावरून प्रमाणपत्र काढताना पासपोर्ट क्रमांक आणि पूर्ण जन्मतारीख टाकून घ्या.

स्वॅबवाली_ताई

मी धंतोलीतील एका लॅबमध्ये काम करते. काका, आपल्या किटच्या फोटोचा उपयोग होणार नाही. ज्या अहवालावर तपासणाऱ्या संस्थेचे नाव, चाचणीचा प्रकार, नमुन्याची तारीख आणि प्रवाशाची ओळख नाही, तो पुरावा ठरत नाही, मग खाली वर्तमानपत्र असो की पंचांग. तेव्हा आपल्याला चाचणी करावीच लागेल.

परंतु ती आरटी-पीसीआरच असावी असा अमेरिकेचा आग्रह नाही, लॅबमध्ये केलेली रॅपिड अँटिजेन चाचणीही त्यांना चालते, आणि आपल्यासाठी तीच योग्य आहे. आरटी-पीसीआर विषाणूच्या जनुकीय साहित्याचे अत्यल्प तुकडेही वाढवून पकडते, त्यामुळे माणूस पूर्ण बरा होऊन, संसर्ग पसरवण्याची शक्यता संपल्यानंतरही काही जणांचा अहवाल कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येत राहतो. 90 दिवसांची सवलत मुळात यासाठीच आहे. अँटिजेन चाचणीला विषाणूची प्रथिने पुरेशा प्रमाणात लागतात, म्हणून जानेवारीत आजारी पडलेल्या व्यक्तीची ती एप्रिलमध्ये पॉझिटिव्ह येणे, नवा संसर्ग नसेल तर, फार कठीण.

पत्नीच्या अहवालावरचे नाव आजच तपासा, कारण आमच्याकडे सर्वांत जास्त भांडणे त्यावरूनच होतात. पासपोर्टवर स्वतःचे, नवऱ्याचे आणि आडनाव अशी तीन नावे असतात. अहवालावर मात्र घाईत 'सौ.' आणि दोनच नावे लिहिलेली असतात, जन्मतारखेच्या जागी नुसते वय. लॅबला पासपोर्टची प्रत दाखवून जन्मतारीख किंवा पासपोर्ट क्रमांकासह अहवाल दुरुस्त करून घ्या. जुनी नोंद शोधायला लॅब दोन दिवस लावते, निघायच्या आदल्या दिवशी हे काम होत नाही.

मानेवाडा_चौक

मला एक सोपा मार्ग दिसतो. काकांनी उद्याच आरटी-पीसीआर करावी. 350 रुपयांचे काम आहे. पॉझिटिव्ह आली तर तोच 90 दिवसांतला अहवाल होईल, डॉक्टरांचे पत्र जोडायचे आणि निघायचे. निगेटिव्ह आली तर काळजीच मिटली.

स्वॅबवाली_ताई

मार्ग सोपा दिसतो, पण मी तो सुचवणार नाही. पॉझिटिव्ह अहवाल आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पोर्टलवर नवा रुग्ण म्हणून चढतो, महापालिकेच्या झोनमधून फोन येतो आणि बऱ्या माणसाला सात दिवस घरात बसावे लागते. शिवाय एकदा पॉझिटिव्ह आलेल्या व्यक्तीची आरटी-पीसीआर पुन्हा करू नये, असे आयसीएमआरने मे 2021 मध्येच सांगितले आहे. काकांची जानेवारीतली नोंद कुठेच नाही, त्यामुळे नियमाने त्यांना कोणी अडवणार नाही, हे मान्य. तरीही कागद मिळावा म्हणून पॉझिटिव्ह येण्याची वाट पाहायची, हे मला पटत नाही. आज निगेटिव्ह आली तरी 8 एप्रिलला पुन्हा करावीच लागणार आहे.

दोन_बॅगा

'एक दिवस' म्हणजे 24 तास नव्हेत, हेही सांगून ठेवतो. उड्डाणाच्या आदल्या तारखेला कोणत्याही वेळी दिलेला नमुना चालतो. नागपूर-दिल्ली आणि दिल्ली-न्यूअर्क एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर असतील आणि दिल्लीतला थांबा 24 तासांपेक्षा कमी असेल, तर दिवस पहिल्या विमानापासून, म्हणजे नागपूरच्या 8 तारखेपासून मोजतात, आणि 7 तारखेची चाचणी चालते. तिकिटे वेगवेगळी काढली असतील तर दिल्लीहून सुटण्याची तारीख धरतात आणि मध्यरात्र उलटल्यामुळे ती 9 होते. मग 7 ची चाचणी बाद. 8 तारखेच्या सकाळी नमुना दिलात तर दोन्ही हिशेबांत बसतो, आणि अँटिजेनचा अहवाल दुपारच्या जेवणाआधी हातात पडतो.

प्रतापनगरवासी | 11 एप्रिल 2022

सर्वांचा आभारी आहे. काल सुखरूप पोहोचलो. तिकिटे वेगवेगळीच निघाली होती, त्यामुळे 8 तारखेच्या सकाळी नऊ वाजता अँटिजेन केली आणि ती निगेटिव्ह आली. पत्नीच्या अहवालावर खरोखरच 'सौ.' होते आणि माझे नाव गाळलेले होते. दुरुस्तीसाठी लॅबला तीन फेऱ्या झाल्या.

दिल्लीच्या काउंटरवरील मुलीने माझा कागद पाहून लगेच परत दिला. पत्नीचे पत्र मात्र तिने वरिष्ठांकडे नेले. त्यांनी 14 जानेवारीपासून बोटांवर महिने मोजले, मग कॅलेंडर काढून दिवस मोजले, आणि डॉक्टरांचा फोन क्रमांक कोठे आहे असे विचारले. तो लेटरहेडच्या तळाशी इतक्या बारीक अक्षरांत छापला होता की मला चष्मा काढून दाखवावा लागला. कोणी अशा पत्रावर जाणार असेल तर क्रमांक सहीखाली पेनाने पुन्हा लिहून घ्यावा.

परतीसाठी एअर सुविधा या भारतात येणाऱ्या प्रवाशांच्या सरकारी संकेतस्थळावर फॉर्म भरून लसीचे प्रमाणपत्र जोडले की आरटी-पीसीआर लागत नाही, असे फेब्रुवारीतील नियमावलीवरून मुलगी सांगते. परत सप्टेंबरमध्ये यायचे आहे, त्या वेळचा नियम ऑगस्टअखेरीस इथेच विचारीन.